नायजेरियातले लोक : कोणाच्या ताटात काय, कोणाच्या अंगावर काय?

बाभूळवन

खाऊगल्लीतल्या एका धाग्यावर 'नायजेरियन जेवण म्हणजे नुसतं तिखटजाळ' यावरून चऱ्हाट लागलंय. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. नोकरीच्या निमित्ताने मी आधी उत्तरेतल्या कानोला आणि मग नैर्ऋत्येच्या लागोसला राहिलोय. अडीचशेच्या वर जमाती असलेल्या देशाचं 'एक' जेवण असेलच कसं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. तिथला स्वयंपाक जमिनीला बांधलेला आहे आणि कपडा व्यापाराला. ताट बघून माणूस कुठल्या पट्ट्यातला ते बऱ्यापैकी ओळखता येतं. कपड्यावरून ओळखायला जाल तर फसाल.

उत्तरेला हौसा-फुलानी मुलूख. पाऊस बेताचा, म्हणून ज्वारी, बाजरी, मका, भुईमूग आणि गुरं. ज्वारीच्या किंवा मक्याच्या पिठाचा उकडून घोटलेला गोळा म्हणजे तुवो. तांदळाचाही करतात. त्याबरोबर मियान कुका. गोरखचिंचेची, म्हणजे बाओबाबची पानं वाळवून कुटतात आणि त्या भुकटीचं बुळबुळीत कालवण करतात. तेल शेंगदाण्याचं, आणि वरून 'मान शानू', म्हणजे गाईचं लोणी. दुपारच्या उन्हात फुलानी बायका कोरीव भोपळ्याच्या भांड्यातून दही विकायला येतात. त्यात बाजरीचे उकडलेले गोळे कुस्करले की फुरा दा नोनो. कानोच्या उन्हाळ्यात माझं दुपारचं जेवण बऱ्याचदा तेवढंच असे.

नैर्ऋत्येला योरुबा. तिथे राज्य यॅमचं. हा सुरण नव्हे. आपल्या कोनफळाचा भाऊबंद, पण पांढरा, पिठूळ आणि हातभर लांब. उकडून उखळात कुटला की इयान. सोलून, वाळवून, दळून त्याचं पीठ केलं आणि ते पाण्यात शिजवून घोटलं की अमाला. पीठ पांढरट असतं पण शिजल्यावर चॉकलेटी-काळं होतं. पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो. इबादानचा माणूस मात्र अमालासाठी गाव ओलांडून जाईल. त्यावर एवेदू, म्हणजे तागाच्या कोवळ्या पानांचं कालवण. शेजारी सोललेल्या चवळीचं पिवळं ग्बेगिरी, आणि मधोमध तांबडा रस्सा. एवेदूला रवी चालत नाही. इजाबे नावाचा हिरांचा आखूड, कडक जुडगा असतो. उकळत्या पातेल्यात तो पानांवर आपटत राहायचा. पाच-सात मिनिटांत पानांचा भुगा होतो आणि अशी तार सुटते की पळी हातभर वर उचलली तरी तुटत नाही.

आग्नेयेला इग्बो. तिथलं वैभव पाल्याचं. ओनुग्बूचा कडू पाला चोळून चोळून धुवायचा, सगळा कडूपणा मात्र जाऊ द्यायचा नाही. ओहाची पानं हातानेच तोडायची, सुरी लावली की काळी पडतात. दाटपणासाठी अळकुड्या उकडून कुटून घालतात, तेल तांबडं पामचं. नसाला या पांढऱ्या रश्शात मात्र पाम तेल अजिबात नाही.

कपड्यांचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. हात दुखले.

अंबाडी

छान धागा. आयडीला जागून पहिला प्रश्न, अंबाडी मिळते का तिथे? आणि मसाले कुठले? तुम्ही एवढं लिहिलंत, पण धने-जिऱ्याचं नावही नाही.

हळदीकुंकू

अंबाडीताई, सध्या लागोसलाच आहे म्हणून मी सांगते. अंबाडी आहे, पण भाजीपेक्षा तिची लाल बोंडं जास्त चालतात. वाळवलेली बोंडं आलं-लवंग घालून उकळायची, गाळायची, गार करायची, झालं झोबो. मूळ उत्तरेचं, आता देशभर बाटल्या भरून विकतात.

मसाला आपल्या अर्थाने फारसा नाही. फोडणी नाहीच. योरुबा घरात सगळा डोलारा लाल वाटणावर उभा असतो. टोमॅटो, तताशे ही मोठी लाल मिरची, कांदा आणि 'आता रोडो' नावाची बुटकी मिरची. ही शेवटची दिसायला गोंडस, इटुकल्या भोपळ्याएवढी, पण दोन टाकल्या तर घरातले सगळे खोकतात. वाटण आधी आटवून त्यातलं पाणी घालवतात, मग तेलात परततात, तेल वर येईस्तोवर. घाई केली की आंबटढाण लागतं. माझ्या मदतनीस बाई आबेओकुताच्या आहेत. मी पंधरा मिनिटांत गॅस बंद करायला गेले की त्या माझा हातच धरतात.

खरी खोली येते ती आंबवलेल्या बियांमुळे. योरुबांचं इरू आणि हौसांचं दावादावा एकाच झाडाच्या बियांचं. इग्बोंची ओगिरी एरंडाच्या किंवा खरबुजाच्या जातीच्या बियांची. वास असा की डबा गच्चीत ठेवावा. (शेजारीण माझ्या हिंगाबद्दल हेच म्हणते.) एकच युक्ती, पण प्रत्येक पट्ट्याने आपापल्या चवीला लावलेली. त्यामुळे 'इरू घाल' म्हणणारी आणि 'ओगिरी घाल' म्हणणारी बाई कुठली ते बाजारातच कळतं.

कानोच्या मंडळींनी मासा सांगितला का? म्हणजे मासळी नव्हे. तांदूळ भिजवून, वाटून, आंबवून खळग्यांच्या तव्यात घालतात आणि सळईने उलटतात. आपलं आप्पेपात्रच समोर ठेवलंय असं वाटतं. फक्त चटणीऐवजी बरोबर लाल भोपळ्याचं मियान तौशे.

दर्यासारंग

तीन मोठ्या जमातींवर धागा संपवू नका बरं का. सगळे हौसा, योरुबा, इग्बो करून थांबतात. मी बोटीवर होतो, पोर्ट हारकोर्ट आणि कॅलाबार जवळून पाहिलंय, आणि माझ्या मते देशातलं सगळ्यात उत्तम जेवण कॅलाबारच्या एफिक आणि शेजारच्या इबिबिओ लोकांचं. योरुबा मित्रसुद्धा हे मान्य करतात, आवाज जरा खाली आणून.

एडिकांग इकाँग घ्या. उगू नावाच्या वेलीची पानं आणि पाणीदार वॉटरलीफ, जवळजवळ निम्मेनिम. वॉटरलीफला सुटलेल्या पाण्यातच भाजी शिजते, वरून पाणी घालणं म्हणजे पाप. आत मांस, सुकी मासळी, वाळलेल्या कोळंबीची पूड आणि खाडीतले शंखातले पेरिविंकल. हे शंखासकट घालतात. टोक तोडलेलं असतं, तोंडाला लावून ओढून घ्यायचं. आफांगची पानं मात्र इतकी चिवट की केसासारखी बारीक चिरून वर कुटावी लागतात. दुसरं म्हणजे एक्पांग न्कुक्वो. अळकुड्या आणि पांढरं कोनफळ किसून त्याची वळकटी कोवळ्या पानात गुंडाळायची आणि पाम तेलात, मासळीत शिजवायची. एकेक वळकटी करंगळीएवढी. पातेलंभर करायला बायका सकाळपासून बसलेल्या असतात.

उर्‌होबोंचं बांगा हे पाम फळांच्या गराचं कालवण, त्याबरोबर 'स्टार्च', म्हणजे कसाव्याच्या (आपला साबुदाण्याचा कंद) सत्त्वाचा पिवळा, चिकट गोळा. हात तेलात बुडवून खावा लागतो. उत्तरेचा हौसा माणूस या ताटासमोर बसवला तर तो चहा मागेल!

कपड्यातही कॅलाबार निराळं. एफिक नवरीचा ओन्योन्यो म्हणजे पायघोळ, फुगीर बाह्यांचा झगा. सरळसरळ व्हिक्टोरियन. स्कॉटिश मिशनरी तिथे १८४६ मध्ये आले, त्यांच्या बायकांच्या झग्यावर एफिकांनी पोवळ्याच्या माळा आणि केसांत पितळी फण्या चढवल्या आणि तो आपला करून टाकला. बाभूळवन, तुमचा कपड्याचा मुद्दा इथे पटतो.

सूतगिरणी

कपडा म्हटल्यावर गप्प बसवत नाही. धंदाच सुताचा.

योरुबांचं आसो ओके हे कापड पुरुष विणतात, अरुंद मागावर. पट्टी फार तर चार-पाच इंच रुंद. ताणा मागापासून लांबवर पसरलेला, टोकाला दगड किंवा वजन ठेवलेली घसरगाडी. विणत जाल तशी ती ओढली जात पुढे सरकते. इसेयिन गावात गल्लीच्या गल्ली अशी दिसते. मग पट्ट्या जोडून पुरुषांचा ऐसपैस झगा आग्बादा, नाहीतर बायकांनी कमरेला गुंडाळायचं इरो. जुन्या प्रतिष्ठेचे प्रकार तीन. गडद निळं एतू, रानटी रेशमाचं भुरकट सान्यान, आणि लाल आलारी.

इग्बोंकडे उलट. अबिया राज्यातलं आक्वेते कापड बायका विणतात, उभ्या रुंद मागावर. तिव लोकांचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, शेजारच्या इडोमांचं लाल-काळं. हे दोन लांबून ओळखता येतात. इथे कपडा जमात सांगतो, बाभूळवन.

निळीबद्दल दोन शब्द. आबेओकुताच्या आदिरेत योरुबा बायका कसाव्याच्या खळीने कापडावर पिसाने नक्षी काढतात. जिथे खळ तिथे नीळ चढत नाही. कानोला कोफार माताच्या रंगखड्ड्यांवर तेच काम पुरुषांचं. ते खड्डे १४९८ पासूनचे म्हणून सांगतात. कानोजवळच्या कुरा गावी निळीत रंगवलेलं कापड घडी घालून, वर निळीची पूड टाकून लाकडी मोगऱ्यांनी तासन् तास बडवायचे. शेवटी त्याला धातूसारखी झळाळी येते. गिऱ्हाईक सहाराचे तुआरेग. डोक्याला गुंडाळलं की नीळ कातडीला लागते, आणि ती लागणं हीच त्यांची हौस.

आणि आता आपल्या देशाशी नातं. नायजर डेल्टातल्या कलाबारी लोकांचं (हे कॅलाबारचे नव्हेत) सगळ्यात मानाचं कापड कुठलं? मद्रासच्या चौकड्या! धंद्यात त्याला 'रियल मद्रास हँडकर्चीफ' म्हणतात. मद्रासच्या आसपास आणि आंध्रच्या किनारपट्टीवर विणलं जायचं. कलाबारींनी ते नुसतं वापरलं नाही. त्यांच्या बायका पात्याने त्यातले ठरावीक धागे कापतात आणि एकेक ओढून काढतात. चौकडीतून नवीनच जाळीदार नक्षी उमटते, कापड मऊ आणि हलकं होतं. याला पेलेते बिते म्हणतात. लग्नामयताला हेच. मोजून धागा काढायचा, एक जास्त निघाला की कापडात गाळाच, म्हणजे फट. विणकराच्या नजरेने सांगतो, हे विणण्याइतकंच कसबाचं काम आहे. इग्बो आणि डेल्टाच्या बायका लग्नात 'जॉर्ज' नावाचं कापड दोन पदरी नेसतात, तेही भारतातूनच जातं.

वाकडा_प्रश्न

'स्वयंपाक जमिनीला बांधलेला' हे ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. कसावा, मका, टोमॅटो, मिरची, भुईमूग हे सगळं अमेरिकेतून आलं. तुमच्या योरुबा वाटणातून टोमॅटो-मिरची काढा, उरतं काय? कांदा. गारी, म्हणजे आंबवून भाजलेला रवा, तर देशातल्या प्रत्येक घरात आणि ती कसाव्याची. जोलोफ भात सेनेगलच्या वोलोफांकडून आला आणि त्यात घालतात करी पावडर, जी इंग्रजांच्या डब्यातून गेली. इग्बोंच्या पातेल्यातला ओकपोरोको म्हणजे नॉर्वेचा वाळवलेला कॉड! बियाफ्राच्या युद्धात (१९६७–७०, इग्बो भाग वेगळा होऊ पाहत होता ते) मदत म्हणून तो आला आणि मग बसलाच.

थोडक्यात, ताटही बाहेरचंच. तुमचा सिद्धांत तुम्हालाच.

अंबाडी

@वाकडा_प्रश्न : अहो, पण ज्वारी, बाजरी आणि चवळी आपल्याकडे आफ्रिकेतूनच आल्या. म्हणून भाकरी आपली नाही म्हणायची का?

बाभूळवन

अंबाडीताईंनी माझं काम केलं. पीक कुठून आलं यावर माझा भर नव्हताच. कसावा आला, पण प्रत्येक पट्ट्याने त्याचं वेगळं केलं. इजेबूच्या योरुबांनी चांगली आंबट गारी केली, गार पाण्यात साखर-शेंगदाणे घालून पितात. इग्बोंनी आंबवून आकपू केला आणि किसून आबाचा. उर्‌होबोंनी स्टार्च. कोरड्या उत्तरेत मात्र तो आजही दुय्यमच, तिथे तुवोच लागतो. मी जमीन म्हणतो ती ही. यॅमचा तर नायजेरिया आजही जगातला सगळ्यात मोठा उत्पादक आहे, कसाव्याचाही.

ओकपोरोकोचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. फक्त तो युद्धाआधीही थोडाफार येत होता, युद्धाने घराघरात पोचवला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक गोष्ट कोणी अजून बोललं नाही. हे पट्टे एकमेकांवाचून जेवू शकत नाहीत. दक्षिणेचा कोला, म्हणजे चघळायचं कडसर बी, उत्तरेत जातो, गुरं, कांदे आणि टोमॅटो दक्षिणेत येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये इबादानच्या शाशा बाजारात योरुबा आणि हौसा यांच्यात दंगल झाली. त्यानंतर उत्तरेच्या गुरं-धान्य व्यापारी संघटनेने दक्षिणेचा माल रोखून धरला. लागोसला कांदा, टोमॅटो आणि मटण भडकलं, आणि उत्तरेत टोमॅटो सडायला लागला. काही दिवसांत बंदी उठली. जोलोफ कोणाचा यावर समाजमाध्यमांवर रोज भांडणारे लोक त्या आठवड्यात कांद्याच्या भावावर बोलत होते.

कोलाचंही गंमतशीर आहे. पिकवतात मुख्यतः योरुबा भागात, चघळतात उत्तरेत, आणि त्याची पूजा म्हणावी असा मान इग्बोंकडे. इग्बो घरी पाहुणा आला की आधी ओजीची, म्हणजे कोलाची, थाळी. यजमान दाखवतो, वडीलधारा पुरुष प्रार्थना म्हणतो, मग कोला फोडून पाकळ्या मोजतात. पाकळ्या जितक्या जास्त तितकं शुभ. तोवर बाकी काही बोलायचं नाही.

कपड्याचं सूतगिरणींनी सगळं लिहिलं, मी एवढंच जोडतो. आग्बादाला आज सगळे योरुबा म्हणतात, पण हा ऐसपैस झगा उत्तरेच्या बब्बन रिगाच्या घराण्यातला. व्यापार आणि इस्लामबरोबर खाली आला. बब्बन रिगाच्या छातीवरचं भरतकाम बघा, लांब टोकदार सुऱ्यांची नक्षी असते. दोन सुऱ्यांची वेगळी, आठांची वेगळी. कानोच्या ईदच्या दरबारात, म्हणजे घोडेस्वारांच्या मिरवणुकीत, तो पूर्ण दिमाखात दिसतो. युनेस्कोने २०२४ मध्ये या दरबाराला वारशाच्या यादीत घेतलं.

हळदीकुंकू

लग्नांबद्दल कोणीच नाही लिहिलं? मग ऐका. योरुबा लग्नात आसो एबी असतं. घरच्यांनी एकच कापड ठरवायचं आणि सगळ्या नातेवाईक-मैत्रिणींनी ते *विकत घ्यायचं*. मुलीकडच्यांचं वेगळं, मुलाकडच्यांचं वेगळं. शिवायचा खर्च आपला. नाही घेतलं तर कोणी बोलत नाही, पण टेबल मागचं मिळतं आणि जोलोफ संपल्यावर आठवण येते. एका मोसमात तीन लग्नांची तीन कापडं घेतली तेव्हा आमच्या 'ह्यां'नी विचारलं की आपण इथे कमवायला आलोय की नेसायला.

'गेले', म्हणजे बायकांचा डोक्यावरचा फेटा, बांधून घेताना बघण्यासारखं असतं. ताठ, करकरीत कापड. बांधणारी बाई मागे उभी राहते, कपाळावर दोन बोटं ठेवून पहिला वेढा इतका आवळते की भुवया वर चढतात. मग एकेक चुणी पंख्यासारखी उघडत जाते. मधे बोलायचं नाही, मान हलवायची नाही. झाल्यावर मोटारीत बसताना डोकं आधी आत घालावं लागतं. हल्ली तयार शिवलेलं गेलेही मिळतं. जुन्या बायका त्याकडे रेडिमेड नऊवारीकडे बघावं तशा बघतात.

आणि इग्बो मैत्रिणीचं लग्न वेगळंच. तिथे पोवळी, जॉर्ज, नवरदेवाच्या अंगात सिंहाच्या तोंडाचं चित्र असलेला इसियागू आणि डोक्यावर लाल टोपी. एदो नवरीचं तर विचारूच नका. नायजेरियातल्याच बेनिन शहराच्या (शेजारचा देश नव्हे) राजघराण्याची रीत म्हणून पोवळ्यांचा उंच ओकुकू डोक्यावर, गळ्यात पोवळी, मनगटांवर पोवळी.

सूतगिरणी

@हळदीकुंकू : त्या लग्नांतली लेस कुठून येते माहीत आहे ना? ऑस्ट्रियाच्या लुस्टेनाउ गावातून! १९६० च्या दशकापासून तिथले भरतकामाचे कारखानदार नायजेरियासाठीच नमुने काढायला लागले. तेलाचा पैसा आला तेव्हा तर विमानं भरून माल गेला. आणि ज्याला लोक 'आफ्रिकन प्रिंट' म्हणतात ते आंकारा मूळ जावाच्या बाटिकची डच नक्कल. हेल्मंडची व्लिस्को कंपनी १८४६ पासूनची. पण नग कितीचा, कुठल्या रंगाचा, कोणाच्या लग्नाला, हे ठरवते लागोसच्या बाजारातली बाई. तिने नाक मुरडलं की युरोपातला नमुना बाद.

दर्यासारंग

पुढाऱ्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा. ओबासांजो योरुबा आग्बादात. बुहारी उत्तरेचा कफ्तान आणि हुला टोपीत. गुडलक जोनाथन डेल्टाचे इजॉ, म्हणून गुडघ्याखाली येणारा सरळ सदरा आणि काळी फेडोरा. ती फेडोराही मूळची बाहेरचीच. तिघेही राष्ट्राध्यक्षाच्या एकाच खुर्चीत बसले. प्रचारात मात्र उमेदवार ज्या भागात जाईल तिथला वेश चढवतो. मटणाच्या दुकानात शाकाहारी उभा असावा असे दिसतात काही जण.

वाकडा_प्रश्न

म्हणजे कपड्याने जमात ओळखता येते असं सूतगिरणी म्हणतात, येत नाही असं बाभूळवन म्हणतात, आणि पुढारी दोघांचा फायदा घेतात. बरं. ते राहू दे. चवळीच्या भज्यांची कृती देणार का कोणी? मागच्या धाग्यावर फोटो टाकून पळालात.

हळदीकुंकू

देते. योरुबांचे आकारा, हौसांचे कोसाई. उत्तर-दक्षिण दोघांच्या न्याहारीला, त्यामुळे इथे भांडण नाही.

चवळी अर्धा तासच भिजवा, मग हाताने चोळून सालं काढा. पाण्यात तरंगतात ती ओतून टाका. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका, सालाने भजी जड होतात. नंतर पुन्हा दोन-तीन तास भिजवा. कांदा आणि लाल मिरची घालून अगदी कमी पाण्यात वाटा. बेसन नाही, सोडा नाही, तांदळाचं पीठ नाही. वाटण पातेल्यात घेऊन एकाच दिशेने दहा मिनिटं फेटा, पांढरं आणि हलकं होईस्तोवर. मीठ तळायच्या अगदी आधी, नाहीतर फेटलेली हवा बसते. तेल खोल हवं, चमच्याने सोडा.

उत्तरेत शेंगदाण्याच्या तेलात तळून वर याजीची मसालापूड भुरभुरतात. लागोसला पावात घालून देतात किंवा कांजीसारख्या मक्याच्या ओगीबरोबर. बाहियाच्या ब्राझिलियनांकडे हेच 'आकाराजे' म्हणून पाम तेलात तळतात, गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांनी तिथे पोचवलेलं.

बाभूळवन, याजीचं प्रमाण तुम्ही द्या. कानोच्या सुयावाल्याकडून, म्हणजे काडीवरचं मांस भाजणाऱ्याकडून, काढलंत म्हणत होतात.

बाभूळवन

काढलं नाही, तो सांगेना. जेवढं दिसलं तेवढं सांगतो. कुलीकुली, म्हणजे तेल काढलेल्या शेंगदाण्याच्या चोथ्याच्या कडक तळलेल्या कांड्या, कुटून पूड. ती सगळ्यात जास्त. मग सुंठ, लाल तिखट, मीठ, थोडी लवंग. मांसाचे पातळ काप काडीला लावून त्यात घोळवतात, तेल शिंपडतात आणि निखाऱ्याभोवती काड्या मातीत रोवून उभ्या करतात, आगीपासून वीतभर लांब. घरी करणार असाल तर कुलीकुलीऐवजी भाजलेल्या दाण्यांचं कूट कागदात दाबून तेल काढून घ्या. नाहीतर पूड न होता चटणी होते.